नाश्त्याला दहा-बारा माणसं, पोहे-इडली सोडून आपल्याकडचं काय करू?

सिडकोची_वहिनी

नमस्कार सगळ्यांना. मी संभाजीनगरला असते, सासर उदगीरकडचं. पुढच्या रविवारी सकाळी घरी बारा जण नाश्त्याला येणारेत. सासू-सासरे, दीर-जाऊ अन त्यांची दोन लेकरं, आणि ह्यांच्या ऑफिसातली तीन जोडपी. ऑफिसवाले पुण्या-नागपूरकडचे आहेत, त्यातल्या एकीनं मागं विचारलं होतं की तुमच्या मराठवाड्यात सकाळी घरी काय खातात, तेव्हापासून माझ्या मनात आहे की ह्यांना बाहेरून इडली-वडा मागवून द्यायचा नाही, आपल्या घरचं द्यायचं अन पोटभर द्यायचं.

भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला करायचं जवळजवळ ठरलंय. घरी आम्हा चौघांपुरता नेहमी होतो पण बारा माणसांचा केलेला नाही, तर मुरमुरे किती भिजवायचे, कधी भिजवायचे, अन एवढ्या मोठ्या कढईत लगदा होऊ नये म्हणून काय करता ते सांगा. त्याच्यासोबत अजून एक पदार्थ पाहिजे जो आधी करून ठेवता येईल म्हणजे मी सारा वेळ गॅसपाशी उभी राहणार नाही, मला पण बसून गप्पा मारायच्यात. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना मुरमुरे फार चालत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं पण वेगळं वाटणार नाही असं काही सुचवा. आणि शेवटचं, दीर-जाऊ त्याच रात्री देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला परत जाणारेत, त्यांच्यासोबत डब्यात काय देऊ? लेकरं आवडीनं खातील असं गोड पण एखादं.

थंडी चांगली पडायलीय, त्यामुळं टिकण्याचा प्रश्न नाही.

लातूरकर_मावशी

वहिनी, सुशीला ठरवला ते एकदम बरोबर केलं. बाहेरच्या माणसाला पोहे माहीत असतात, उपमा माहीत असतो, सुशीला लातूर-धाराशिव-नांदेड अन तिकडं सोलापूरचा पट्टा सोडला की फारसा कुणाला माहीत नसतो. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीला हाच सुसला म्हणून मिळतो, कर्नूलकडं उग्गानी म्हणतात अन सोबत मिरचीची भजी देतात. मराठवाडा अन बिदर-कलबुर्गी निजामाच्या राज्यात एकत्रच होते, खाणं एकमेकांत गेलेलं आहे.

आता बारा माणसांचं. अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम मुरमुरे घ्या, सोबत दुसरा पदार्थ आहे तर अर्धा किलो पुरतात. दिसायला डोंगर दिसतो पण भिजवून पिळले की एकदम खाली बसतात, त्याला घाबरू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुरमुरे जाड अन खारे घ्यायचे. भेळेचे जे हलके पांढरेशुभ्र असतात ते पाणी लागलं की विरघळतात, त्याचा सुशीला कुणालाच जमत नाही, मग माणसं म्हणतात पाणी जास्त झालं. पाण्याचा दोष नसतो तो मुरमुऱ्याचा असतो. दुकानात दोन दाणे पाण्यात टाकून बघू द्या म्हणा, चांगला मुरमुरा भिजला तरी त्याचा दाणा बोटाला लागतो.

जाड मुरमुरे मोठ्या पातेल्यात पाण्यात टाकून हातानं दाबायचे, ते वर तरंगतात म्हणून खालवर करायचे, मिनिटभरात भिजतात, फार तर दीड मिनिट. लगेच दोन्ही तळहातात घेऊन दाबून पिळायचे अन परातीत मोकळे टाकायचे. चाळणीत निथळत ठेवायचं नाही, आतलं पाणी आतच राहतं. सगळे एकदम भिजवू नका, तीन-चार वेळा थोडे थोडे भिजवा.

परातीतच त्याच्यावर डाळव्याचं कूट टाकायचं, अर्ध्या किलोला दीड वाटी. डाळवं म्हणजे फुटाण्याची डाळ, मिक्सरला फिरवून अगदी पिठी नाही करायची, जराशी रवाळ. हे कूट मुरमुऱ्यात राहिलेलं पाणी ओढून घेतं म्हणून प्रत्येक दाणा वेगळा राहतो. लगदा न होण्याचं सगळं काम ह्या कुटात आहे. मीठ याच्यातच टाका पण हात आखडून, मुरमुरे आधीच खारे असतात. साखर चिमूटभर टाकायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडं टाकतात.

फोडणीला तेल सढळ पाहिजे, एवढ्याला अर्धी वाटी लागतं. आधी शेंगदाणे तळून घ्यायचे त्याच तेलात, काढून ठेवायचे, मग मोहरी जिरं, दहा-बारा हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, कढीपत्ता भरपूर, अन पाच मोठे कांदे. कांदा नुसता मऊ करायचा, लाल करायचा नाही. हळद टाकली की परातीतलं सगळं वर ओतायचं, शेंगदाणे टाकायचे, उलथन्यानं खालून वर हलवायचं अन झाकण ठेवून दोनच मिनिटं बारीक गॅस. वरून कोथिंबीर, लिंबू. कोथिंबीर मात्र वासाची बघून घ्या, आमच्या लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला आता जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ती चार काड्या टाकली तरी घरभर वास येतो, पण तुमच्याकडं मिळेल ती गावरान बघा.

अन कढई एक नाही, दोन वेळा करा. फोडणी सगळी एकदम करून ठेवली तरी चालते, मुरमुरे मात्र माणसं ताटावर बसली की भिजवायचे. सुशीला थांबत नाही, अर्ध्या तासात वरून कोरडा पडतो अन मग घशाला लागतो. पहिली सहा जणांची पंगत बसली की दुसरी कढई चढवा. सोबत बारीक शेव अन तळलेली मिरची.

बीडचा_बापू

मावशी सगळं सांगितलंय पण कुटाचं मला पटत नाही. आमच्याकडं बीडला शेंगदाण्याचं कूट घालतात, डाळव्याचं नाही, अन चव त्यालाच आहे. शेंगा आपल्या शेतातल्या, भाजून जाडसर कुटलेलं कूट, ते तेल सोडतं तेव्हा मुरमुरा मऊ राहतो.

आणि वहिनी एक विचारतो, लेकरं आहेत म्हणता तर कच्चा चिवडा का नाही करत? पाणी नाही गॅस नाही. मोठ्या पातेल्यात मुरमुरे घ्यायचे, वरून कच्चं तेल, लाल तिखट, मीठ, मेतकूट, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाणे, डाळवं, कोथिंबीर, लिंबू, अन दोन्ही हातानं कालवायचं. आमच्या घरी पाव्हणे आले की चहाच्या आधी हेच होतं, मुरमुरे लाव गं म्हटलं की दोन मिनिटात पातेलं मध्ये येतं अन सगळे त्यातच हात घालतात. वाट्या-प्लेटा कुणी काढत नाही. ऑफिसातली माणसं घरात नवी असतात, सुरुवातीला सगळी गप्प बसलेली असतात, हे पातेलं मध्ये ठेवलं की आपोआप बोलायला लागतात. मेतकूट नसलं तर येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घाला, त्याची चव वेगळी पण फार चांगली लागते.

लातूरकर_मावशी

बापू, शेंगदाण्याचं कूट चवीला चांगलंच लागतं, चारजणांच्या सुशीलाला मी पण घालते. पण बारा माणसांच्या कढईत ते पाणी ओढत नाही, उलट ओलं होऊन बसतं, म्हणून डाळवं सांगितलं. वाटलं तर एक वाटी डाळवं अन वरून अर्धी वाटी शेंगदाणा, दोन्हीचं काम होतं. कच्च्या चिवड्याचं मात्र एकदम खरं आहे, माणसं यायला मागं-पुढं होतात तेवढ्या वेळात तेच द्यावं.

परभणीकर

दुसरा पदार्थ म्हणून धपाटे करा, दुसरं काही शोधूच नका. सकाळी पण चालतात, रात्री देवगिरीत पण चालतात, म्हणजे तुमचे दोन प्रश्न एकात सुटतात. आमच्या घरातून कुणीही लांबच्या गाडीला निघालं की फडक्यात धपाटे अन वर शेंगदाण्याची चटणी, हे ठरलेलं. आता डबे आले पण आतलं तेच आहे.

पीठ सांगतो. ज्वारीचं तीन वाट्या, हरभऱ्याच्या डाळीचं एक वाटी, गव्हाचं एक वाटी. नुसत्या ज्वारीचं करू नका, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून धपाटं थापताना कडेनं फाटतं अन गार झाल्यावर कडक होतं. बेसन अन गहू टाकला की धरून राहतं. लसूण दहा-बारा पाकळ्या, हिरवी मिरची, जिरं हे जाडसर वाटून, हळद, ओवा हातावर चोळून, तीळ, मीठ, अन कोथिंबीर किंवा मेथी बारीक चिरून. कांदा घालायचा नाही. खाऊन मोकळं व्हायचं असेल तर कांदा ठीक आहे पण प्रवासाला द्यायचे तर कांद्यानं लवकर वास येतो. भिजवायचं ताकानं, घट्ट ताक, आंबट जरासं.

ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये बोटानं दोन-तीन भोकं पाडायची म्हणजे तेल आत जातं, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं टाकायचं अन फडकं अलगद सोडवायचं. तवा आधी चांगला तापलेला पाहिजे नाहीतर चिकटतं. भोवतीनं तेल सोडून झाकण, मग उलटून परत. हे तुम्ही शनिवारी रात्री करून ठेवू शकता, रविवारी नुसते तव्यावर गरम करायचे. सोबत दही, शेंगदाण्याची चटणी, अन जवस किंवा कारळाची चटणी असेल तर ती पण मांडा. तेवढ्यानं ताट भरलेलं दिसतं.

ज्वारी कुठली घेता त्यानं फार फरक पडतो. मंडईत विचारून रब्बीची घ्या, मालदांडी किंवा दगडी. जालन्याच्या दगडी ज्वारीला पण २०२४ साली जीआय मिळालंय. खरिपाची ज्वारी पावसात सापडते, काळी पडते, तिला ती चव नाही. रब्बीची ज्वारी पावसाळा संपता संपता पेरतात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर अन थंडीवर ती येते, म्हणून दाणा टपोरा अन पांढरा असतो. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती म्हणून वाण काढलाय तो दाण्याला चांगला आहे, अन परभणी शक्ती नावाचा एक आहे त्यात लोह अन जस्त जास्त आहे. मिळालं तर बघा. दळून आणलं की आठ-पंधरा दिवसात वापरायचं, ज्वारीचं पीठ जुनं झालं की जिरतं, मग भाकरी होत नाही अन धपाटं पण होत नाही.

अजून एक. तुमची माणसं दोन-तीन आठवडे उशिरा आली असती तर मी म्हटलं असतं नाश्ता राहू द्या, सगळ्यांना कुणाच्या तरी शेतात हुरड्याला न्या. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर कणसं दुधात-चिकात येतात, दाणा हिरवा अन दाबला की मऊ, तेवढ्याच दिवसांचा खेळ असतो. गूळभेंडी, सुरती, कुचकुची अशी खास हुरड्याची ज्वारी शेतात थोड्या ओळींपुरती लोक पेरतात. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं त्या धगीत खुपसायची, अन गरम असतानाच हातावर चोळून दाणे फुंकून पुढच्याच्या हातावर द्यायचे. चोळणारा स्वतः शेवटी खातो, हे मला हुरड्यात सगळ्यात आवडतं. गार झालेला हुरडा चिवट होतो म्हणून ज्याच्या हातावर पडला त्यानं लगेच खायचा, कुणाची वाट बघायची नाही. सोबत तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. हल्ली हुरडा पार्टीचे फलक जागोजाग लागतात, पैसे देऊन जाणाऱ्याला मी नाव ठेवत नाही, शहरात राहणारी लेकरं त्यानिमित्तानं आगटी तर बघतात. पण ओळखीच्या शेतात, आपल्या माणसांबरोबर खाल्लेल्या हुरड्याची सर त्याला येत नाही.

धाराशिवची_लेक

लेकरांसाठी अन डब्यासाठी गोड विचारलंय ना, खव्याची पोळी करा. आमच्या भूम-वाशी-कळंबकडं खवा म्हणजे घरोघरचं काम आहे, कुंथलगिरीचा खवा तर आता जीआयवाला आहे. कुंथलगिरीला जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, दर्शनाला येणारी माणसं जाताना तिथला पेढा घेतल्याशिवाय जात नाहीत. म्हशीच्या साधारण चार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, त्यामुळं फार स्वस्त मिळायला लागला तर जरा विचार करा.

संभाजीनगरला ताजा खवा मिळतो, घेताना हातावर चोळून बघा, तूप सुटलं पाहिजे अन दाणा लागला पाहिजे. पाव किलो खवा बारीक गॅसवर भाजायचा, गुलाबी होऊन मऊ झाला की उतरवायचा. पूर्ण गार होऊ द्यायचा ही घाई न करण्याची जागा आहे, कोमट असताना पिठीसाखर घातली की सारण पातळ होतं अन पोळी फुटते. गार झाल्यावर पाऊण वाटी पिठीसाखर, वेलची, अन अर्धा चमचा भाजलेली खसखस. कणीक पुरणपोळीसारखी सैल नको, नेहमीच्या पोळीपेक्षा जरा मऊ, त्यात थोडा मैदा चालतो. दोन लाट्यांच्या मध्ये सारण ठेवून कडा दाबायच्या अन तांदळाच्या पिठीवर लाटायचं. तव्यावर तूप न सोडता आधी दोन्ही बाजूनं कोरडी भाजायची, खाताना तूप. थंडीत तीन दिवस छान राहते. डब्यात देताना पोळ्या गार झाल्यावरच एकावर एक ठेवा, मध्ये कागद घाला.

वेळ नसलाच तर शेंगदाणे अन गुळाचे लाडू. भाजलेले शेंगदाणे साल काढून मिक्सरला फिरवायचे, त्यातच चिरलेला गूळ टाकून परत फिरवायचं, शेंगदाण्याचं तेल सुटलं की लाडू आपोआप वळतात, तूपसुद्धा लागत नाही. लेकरांकडूनच वळून घ्या, स्वतः वळलेला लाडू ती शाळेत मित्राला अभिमानानं देतात.

सिडकोची_वहिनी

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मन भरून आलं वाचताना. म्हणजे आल्या आल्या कच्चा चिवडा, मग सुशीला अन धपाटे, डब्यात धपाटे आणि खव्याची पोळी. जाऊबाईला खव्याची पोळी फार आवडते, तिला आधी सांगणारच नाही. फक्त सासऱ्यांचं राहिलं. त्यांना धपाटं चालेल पण ते म्हणतात सकाळी तेलकट नको. आणि ताटात वेगळं दिसलं की त्यांना आजाऱ्यासारखं वाटतं, ते मला होऊ द्यायचं नाही.

नांदेडची_काकू

सूनबाईनं एवढा विचार करायचा म्हणजे त्या मामंजींचं नशीबच. मग त्यांच्यासाठी म्हणून करूच नकोस, सगळ्यांसाठीच ज्वारीची उकडपेंडी कर, एक मोठं पातेलं. सगळ्यांच्या ताटात दोन-दोन चमचे पडेल अन त्यांच्या ताटात जास्त. मग ते वेगळं कुठून दिसणार?

ज्वारीचं पीठ जरा भरड घ्यायचं. कोरडंच कढईत खमंग भाजायचं, वास सुटेपर्यंत, इथंच सगळी चव आहे, कच्चं राहिलं तर लापशीसारखं लागतं. दुसऱ्या कढईत थोड्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता अन कांदा, कांदा बऱ्यापैकी घाल. मग हळद, तिखट, भाजलेलं पीठ टाकून हलवायचं. आता पातळ ताकात मीठ घालून ते हबक्या हबक्यानं शिंपडायचं, एकदम ओतायचं नाही. वाटीभर पिठाला पाऊण वाटी ते एक वाटी ताक लागतं, पीठ ओलं होऊन मोकळं दिसायला पाहिजे. झाकण ठेवून मंद गॅसवर पाच-सात मिनिटं वाफ, मधून एकदा हलवायचं. गरम गरमच द्यायची. शुगरवाल्याला किती चालतं ते त्यांच्या डॉक्टरनं सांगितलेलं धरून वाढ, ज्वारी झाली म्हणून ताट भरून खावं असं नाही.

सोबत भुरका कर. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला भुरका खाऊ घातला की तो परत मागतो. तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण लालसर करायचा, तीळ अन जिरं टाकायचं, गॅस बंद करायचा अन मग लाल तिखट, शेंगदाण्याचं जाडसर कूट, मीठ. गॅस चालू असताना तिखट टाकलं तर करपतं अन घरात सगळ्यांना ठसका लागतो. धपाट्याला लावून, उकडपेंडीवर, दह्यात कालवून, कशालाही चालतो. लेकरांसाठी आधी थोडं कमी तिखटाचं काढून ठेव.

उदगीरकर

वहिनी आमच्या गावची सून म्हणून राहवलं नाही, लिहितोच. तुमचे सासरे उदगीरकडचे म्हणजे त्यांना हिवाळ्यात काय आठवत असेल ते मी सांगतो, येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिव जिल्ह्यात अख्खी गावं शेतात जातात, त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची अन मग जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, तिळाची अन शेंगदाण्याची पोळी, भरीत. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं घेऊन जातो, अन रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवतात. कुणालाच उपाशी जाऊ द्यायचं नाही हा त्या दिवसाचा नियम आहे. तुम्ही ऑफिसच्या माणसांना घरी बोलावताय ना, ते ह्याच घरातलं वळण आहे असं मी समजतो.

म्हणून सुचवतो, जमलं तर आंबील करा. सकाळी नाश्त्यासोबत गार आंबील फार चांगली लागते अन सासऱ्यांना तर नक्की आवडेल. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी पाणी उकळायला ठेवून त्यात ते कालवलेलं हळूहळू सोडायचं, सारखं ढवळत, गुठळी होऊ द्यायची नाही. शिजून चकाकी आली की उतरवायचं, पूर्ण गार करायचं अन मग परत ताक घालून पातळ करायचं. लसूण-जिरं-मीठ वाटून लावायचं, वरून कोथिंबीर. येळवसला ती मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावर शेतात नेतात, घरी माठात किंवा स्टीलच्या पातेल्यात ठेवली तरी चालते. ऑफिसच्या पाव्हण्यांना ग्लासात द्या, कशी पितात विचारायची गरज पडत नाही.

भज्जी नाश्त्याला जड होईल पण एकदा जेवायला बोलावलं तर तीच करा. ओले दाणे लागतात, तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे, जे शेतात असेल ते, त्यात गाजर, बोरं, कांद्याची पात, चिंच अन बेसन लावून घट्ट करतात. ज्यांच्या ज्यांच्या शेतात जे आलं ते एकमेकांकडं जातं म्हणून ती भज्जी होते, एका घरचे सगळे दाणे क्वचितच असतात.

सिडकोची_वहिनी

दादा, सासऱ्यांना वाचून दाखवलं हे फोनवर. ते म्हणाले आंबिलीला लसूण जास्त घालायला सांग. म्हणजे आंबील पक्की. जाऊबाई म्हणते मी सकाळी लवकर येते अन खव्याच्या पोळ्या आपण दोघी मिळून करू, शेवटी तिला सांगावंच लागलं.

परभणीकर दादा एक शेवटचं, धपाटे आधी करून न ठेवता सगळ्यांसमोर गरमच करून द्यायचे ठरलंय, ऑफिसातल्या दोघीजणी म्हणतायत आम्हाला थापायला शिकव. तर पीठ शनिवारी रात्रीच भिजवून ठेवलं तर चालेल का?

परभणीकर

नका भिजवू. ताकात रात्रभर राहिलं की फार आंबतं, अन मिठानं पाणी सुटून पीठ सैल होतं, मग परत पीठ घालत बसावं लागतं अन चव पिठूळ होते. रात्री तिन्ही पिठं, हळद, तीळ, ओवा कोरडं एकत्र करून डब्यात ठेवा. लसूण-मिरचीचं वाटण वेगळं फ्रीजमध्ये. सकाळी माणसं आली की ताक घालून भिजवायचं, दहा मिनिटं झाकून ठेवलं की पुरे. एकदम सगळं न भिजवता दोन वेळा भिजवा. शिकणाऱ्यांना फडकं जरा जास्त ओलं करून द्या अन धपाटं जाड थापायला सांगा, पहिल्यांदा जाडच सुटतं. गाडीचे धपाटे मात्र सगळ्यात शेवटी करा अन जाळीवर पूर्ण गार करूनच डबा लावा, आत वाफ राहिली की मुंबईपर्यंत ओलसर होतात.